निकुंभमामांची सटाणा गाडी

माझ्या आईच्या डाव्या गालावरची ती जांभळ्या शाईची चौकट मी काढली होती. निकुंभांनी नाही. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी निकुंभांचं नाव सांगितलं, आणि तसं दोन ओळींत लिहूनही दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण निकुंभांबद्दल बोलायला लागलो की मी त्यांच्या गमतीच सांगत बसतो. ऐकणारा हसतो, मीही हसतो, आणि मुख्य गोष्ट राहून जाते. बरीच वर्षं मी ती तशीच राहू दिली.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. इंदिरानगरात दोन खोल्यांत आई आणि मी असे दोघंच राहायचो. वडील आधीच गेले होते. मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रं सांभाळायचो आणि हंगामात पेट्यांवर शिक्के मारायचो. आईला लहानपणापासून मिश्रीची सवय होती. गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता सहा आठवडे शेक द्यायचा, शनिवार-रविवार सोडून रोज. किरणांच्या उपचाराला तेव्हा सगळे शेकच म्हणायचे. खेड्यातून आलेले लोक म्हणायचे, ‘लाईट घ्यायला आलोय.’

त्या इस्पितळाचं शेकाचं खातं तळघरात होतं. जिना उतरला की लांबट व्हरांडा, दोन बाकं, आणि शेवटी इतकं जाड दार की ते बंद होताना आवाज कानांपेक्षा पायांना आधी कळायचा. दारापलीकडे कोबाल्टचं मशीन. त्याच्या शिशाच्या जड डोक्यात किरणं सोडणाऱ्या धातूचा एक लहानसा तुकडा कोंडलेला असायचा. झडप उघडली की किरणं बाहेर, मिटली की आत. उपचार चालू असताना खोलीत फक्त पेशंट. बाकी सगळ्यांनी बाहेर यायचं.

त्या दारावर निकुंभ होते. ठेंगणे, पुढचे केस गेलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशावर एक चपटा बिल्ला. तो बिल्ला त्यांच्या अंगावर किती किरणं पडली हे मोजायचा आणि ठरावीक दिवसांनी तपासायला मुंबईला जायचा. आईला मात्र तो शेवटपर्यंत सरकारने दिलेलं पदक वाटला. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, तशी निकुंभांच्या गळ्यात शिंप्याची टेप असायची. ते सटाण्याचे, शिवणकाम करणाऱ्या घरातले. वडिलांच्या मशीनपाशी बसून शिकले आणि पुढे ह्या कामाचा कोर्स करून नाशिकला आले. पण नजर शिंप्याचीच राहिली. समोरच्याचं नाव विचारायच्या आधी ते त्याच्या शर्टाचा खांदा बघायचे. मला पहिल्या दिवशी म्हणाले, ‘उजवी बाही अर्धा इंच लांब आहे. रेडिमेड घेतला ना?’ मी हो म्हटलं तर त्यांना खरोखर वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी आईला त्या टेबलावर झोपवलं तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. तिचं माहेर सटाण्याकडचं. घाबरली की ती अहिराणीत बोलायची. ती पुटपुटली, ‘कथा लई चालनात माले?’ मला कुठे घेऊन चाललात, असं.

निकुंभ तिच्या गालाचं माप घेत होते. मान वर न करता म्हणाले, ‘सटाणाले, माय.’

आणि त्यांनी खरंच नेलं. दार बंद झालं. जाड काचेच्या खिडकीतून ती एकटी झोपलेली दिसत होती. निकुंभांनी पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक केलं, एसटीचा कंडक्टर डबल बेल देतो तसं, आणि माइकमध्ये बोलू लागले. ‘ओझर. मिलिट्रीवाले उतरा. पिंपळगाव. वडाळीभोई. सोग्रस फाटा, कुणी आहे का? भावडबारीचा घाट, माय, मान हालवू नको, गाडी वळते आहे. देवळा. लोहोणेर. ठेंगोडा. गणपतीला इथूनच हात जोड मनातल्या मनात. आलं सटाणं.’ सटाण्याला घड्याळ थांबलं, झडप मिटली, दार उघडलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. तिने विचारलं, ‘एवढंच?’

मग मला कळलं की ते प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गावाला नेतात. त्र्यंबकच्या रस्त्याचे थांबे, पेठचे, येवल्याचे, सगळे त्यांना पाठ होते. माणूस एकटा पडला की वेळ लांबतो, ते म्हणायचे. त्याला माहितीचा रस्ता दिला की तो रस्ता संपायची वाट बघतो, मशीन संपायची नाही. ज्यांना जास्त वेळ लागायचा त्यांना ते वाटेत चहाला थांबवायचे. मशीनमधला तुकडा हळूहळू विझत असतो, त्यामुळे तेवढाच शेक द्यायला महिन्या-महिन्याने वेळ थोडा वाढवावा लागतो. निकुंभ त्याला म्हणायचे, ‘गाडी म्हातारी होतेय. पोचवते, पण घाटात दमते.’

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आई त्यांना भाऊ म्हणू लागली. तिला सख्खा भाऊ उरला नव्हता. मी साहेब म्हटलं की निकुंभ मला टोकायचे, ‘बहिणीचा मुलगा म्हणजे भाचा. मामा म्हण.’ मला लाज वाटायची. मी म्हटलं नाही.

दोन प्रसंग सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

निफाडकडचे एक बागाईतदार शेकाला यायचे. घशाचा आजार होता. बोलणं घोगरं, पण हुकमी. एक दिवस निकुंभांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘दोन मिनिटं जास्त द्या ना. लय दिवस लागतेत असे. आपण काय ते समजून घेऊ.’ निकुंभांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, बागेला औषध किती प्रमाणात मारता? त्यांनी सांगितलं. निकुंभ म्हणाले, दुप्पट मारलं तर? बागाईतदार म्हणाले, ‘पान करपंल की.’ मग आपणच म्हणाले, ‘बरं. तुमच्या मापानं चालू द्या.’

दुसरी एक बाई, तिची सून जवळ येत नव्हती. घरी तिचं ताट-तांब्या वेगळा केला होता, नातवाला मांडीवर देत नव्हते. शेकाची किरणं तिच्या अंगातून बाहेर येतील अशी भीती. निकुंभांनी सुनेला व्हरांड्यात उभं केलं, खिशातली बॅटरी काढून भिंतीवर उजेड पाडला आणि बंद केली. म्हणाले, ‘जा, भिंतीला हात लाव. उजेड चिकटला का?’ सुनेने हात लावून बघितला. मग निकुंभांनी त्या बाईच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि उभ्या-उभ्या खाल्ली. दुसऱ्या दिवशी नातू आजीबरोबर आला होता.

मापाच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकायचे नाहीत. आईच्या गालावर आणि मानेवर किरणं कुठवर जायची त्याची चौकट त्यांनी जांभळ्या औषधी शाईने काढली होती, काडीला कापूस गुंडाळून. रोज मशीनमधून उजेडाची एक चौकट गालावर पडायची, ती ह्या रेघांवर बरोबर बसली पाहिजे. वरची रेघ डोळ्याच्या खाली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की ह्या रेघांना पाणी, साबण, तेल काही लागता कामा नये. पुसट झाल्या तर हात लावायचा नाही, त्यांना सांगायचं. आणि जे ते सगळ्यांना सांगायचे तेही सांगितलं: ‘खडू पुसता येतो, कात्री पुसता येत नाही. ही रेघ म्हणजे खडू. आतलं मशीन म्हणजे कात्री.’

दोन आठवडे झाले आणि दिवाळी आली. चार दिवस मशीन बंद राहणार होतं. जास्त खंड पडू नये म्हणून निकुंभांनी स्वतःची भाऊबीज सोडली होती. त्या दिवशीच ते मशीन सुरू करणार होते.

पाडव्याला आमच्याकडे निफाडहून लोक येणार होते. माझ्या लग्नाचं बोलणं होतं. आता जे लिहितो आहे ते लिहिताना अजून कानाच्या पाळ्या तापतात. मला आईच्या तोंडावरच्या त्या रेघांची लाज वाटली. गालावर जांभळी चौकट असलेली आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणार, हे चित्र मला सहन होईना. नरकचतुर्दशीच्या पहाटे दरवर्षी ती मला तेल-उटणं लावायची. त्या वर्षी मी म्हटलं, आई, आज मी तुला लावतो. तिला भरून आलं. तिने विचारलं, ‘आणि भाऊनं सांगितलेलं?’ मी म्हटलं, चार दिवस सुट्टीच आहे, ते पुन्हा काढतील. तेल लावलं, उटणं लावलं. शाई निघेना तेव्हा लिंबू घासलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही. शेकलेली कातडी होती ती. लालबुंद झाली.

पाहुणे आले आणि गेले. स्थळ जमलं.

भाऊबीजेच्या सकाळी तिचा गाल उजेडात बघितला तेव्हा मी भानावर आलो. निकुंभ काय म्हणतील? उपचार थांबला तर? पॅकहाउसमधली शिक्क्याची शाई माझ्या पिशवीत होती, तीही जांभळीच. कानाजवळ जुन्या रेघेची एक धूसर खूण उरली होती, तिच्या आधाराने मी आठवेल तशी चौकट काढली. पट्टीने, कोपरे नीट जुळवून. आई म्हणाली, ‘तिथं गेल्यावर सांग बरं भाऊला, आपण पुसलं म्हणून.’ मी हो म्हटलं. तिने पिशवीत ताट घेतलं होतं. निरांजन, कुंकू, सुपारी. शेक झाला की व्हरांड्यातच निकुंभांना ओवाळायचं तिने ठरवलं होतं.

निकुंभांनी तिला टेबलावर घेतलं, उजेड पाडला. उजेडाची चौकट माझ्या रेघांवर बसली नाही. त्यांनी टेप काढली, डोळ्याच्या कोपऱ्यापासून माप घेतलं, फाइलमधलं माप बघितलं. पुन्हा घेतलं. मग दिवा बंद केला, आईला हाताला धरून उठवलं, बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. वरची रेघ एक बोट वर गेली होती. किरणं डोळ्यावर पडली असती.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. दार लोटलेलं होतं, बाहेर आई. डॉक्टर कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, ‘ही रेघ कोणी काढली?’

मी खरं सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. पण मला एवढंच दिसत होतं की आता हे म्हणतील, तुम्ही आईचं नुकसान केलंत. मी म्हणालो, ‘ह्यांनीच. सुट्टीच्या आधी.’

निकुंभांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी हात पँटच्या खिशात घातला. ते डॉक्टरांना म्हणाले, ‘असेल, सर. त्या दिवशी गर्दी होती.’

डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी लिहिलं.

कातडी बरी होईपर्यंत काही दिवस उपचार थांबला. निकुंभांना मशीनवरून काढून वर एक्स-रेला बसवलं. रिक्षात आईने विचारलं, सांगितलंस ना भाऊला? मी म्हटलं, सांगितलं, ते रागावले नाहीत. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आतलं निरांजन न लावताच परत आलं. गडबडीत राहूनच गेलं म्हणून ती हळहळली.

आठवड्याने गेलो तर मशीनवर देवरे म्हणून दुसरे तंत्रज्ञ होते. माणूस नेकीचा, पण अबोल. आईने विचारलं, भाऊ कुठे? मी म्हटलं, बदली झाली. शेक घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, ‘आज गाडी सुटलीच नाही.’ त्यानंतर दोन दिवस ती घरातून निघेना. बस झालं, म्हणे. त्या खोलीत एकटीने पडायचं आता होत नाही. मी हात जोडले, रागावलो, काही उपयोग झाला नाही. उपचार अर्धा सोडला तर काय होतं हे मला माहीत होतं, आणि तो कुणामुळे सुटतो आहे हेही.

तिसऱ्या दिवशी तिला कसंबसं जिना उतरवून नेलं. दार बंद झालं. देवऱ्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बिलाच्या मागच्या बाजूला निकुंभांच्या अक्षरात थांब्यांची यादी होती, आणि खाली सूचना: ‘घाटात मान हालवू नको म्हणणे. ठेंगोड्याला गणपतीची आठवण देणे.’ देवऱ्यांनी पेन्सिल दोनदा आपटली आणि शाळेत धडा वाचतात तसं एका सुरात वाचायला लागले. ‘ओझर. पिंपळगाव. वडाळीभोई.’ घाईत त्यांनी देवळ्याच्या आधी लोहोणेर घेतलं. आई बाहेर आली ती हसतच. ‘ह्या मेल्यानं गाडी उलटी नेली,’ म्हणाली. ‘उद्या मी सांगते त्याला रस्ता.’

तिने उरलेला शेक पुरा घेतला. एकही दिवस चुकवला नाही.

ती बरी झाली. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहितो आहे, कारण ते लिहिताना अजूनही हलकं वाटतं. आधी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग सहा, मग वर्षाने एकदा. दरवेळी डॉक्टर गालात बोट घालून बघायचे, मान दाबून बघायचे आणि म्हणायचे, छान आहे. तोंड कोरडं पडायचं, तिखट चालायचं नाही, एवढंच मागे उरलं.

निकुंभ दोन-अडीच महिन्यांनी मशीनवर परत आले, कारण त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. पण पुढे नवं मशीन येणार म्हणून मुंबईला शिकायला एक माणूस पाठवायचा होता, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये माझ्या दोन ओळी होत्या. देवरे गेले. हे मला देवऱ्यांनीच सांगितलं, सहज बोलता-बोलता. त्यांना ठाऊक नव्हतं ते कोणाला सांगताहेत.

तपासणीला गेलो की आई तळघरात जाऊन भाऊला भेटायची. मी जिन्यापाशी थांबायचो. समोरासमोर आलो तर निकुंभ विचारायचे, काय, कसं काय? मी मान हलवायचो. साहेब म्हणवत नव्हतं, मामा म्हणायचा हक्क नव्हता. काहीच न म्हणता किती वर्षं बोलता येतं, हे मी शिकलो.

एकदा मात्र खाली उतरावंच लागलं, आईचा चष्मा राहिला होता. बघतो तर व्हरांड्याच्या भिंतीवर एक पाटी, त्यांच्या अक्षरात: ‘सणासुदीला गालाला, मानेला, छातीला तेल, उटणं, साबण, लिंबू लावू नये. रेघा पुसल्या गेल्या तर घाबरू नये. स्वतः काढू नये. मला सांगावे. मी रागावत नाही.’ आत टेबलावर जुन्या एक्स-रेच्या धुऊन पारदर्शक केलेल्या फिल्म होत्या. प्रत्येक पेशंटच्या चौकटीचा आकार त्यांत कापलेला, कान आणि डोळ्याची जागा खुणावलेली, वर नाव. शिंपी कागदाचे नमुने ठेवतो तसे. फिल्म गालावर ठेवली की पुसलेली रेघ पुन्हा तिथल्या तिथे सापडायची. मी चष्मा घेतला आणि वर आलो. ‘मी रागावत नाही’ हे तीन शब्द जिनाभर माझ्या मागे आले.

तरी मी बोललो नाही. आणखी काही वर्षं गेली. निकुंभ निवृत्त झाले.

शेवटी हे सगळं मी पहिल्यांदा बायकोला सांगितलं. तीच ती निफाडची मुलगी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘रेघा दिसल्या असत्या तर आम्ही काय चहा न पिता परत गेलो असतो?’ मग म्हणाली, ‘जाऊन या त्यांच्याकडे.’

सिडकोत त्यांचं छोटं घर होतं. खिडकीपाशी शिवणयंत्र. ते इस्पितळासाठी गाऊन शिवत होते, खांद्याला नाड्या असलेले, म्हणजे मानेवर शेक घेणाऱ्या माणसाला सगळा कपडा उतरवावा लागू नये. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. नेहमीप्रमाणे खांद्याकडे बघून म्हणाले, ‘अजून रेडिमेडच. उभा राहा, माप घेतो.’

मी उभा राहिलो. ते टेप लावत होते. ‘सरळ उभा राहा. हालू नको.’ हे शब्द मी त्या व्हरांड्यात किती वेळा ऐकले होते. तसाच न हलता मी म्हणालो, ‘ती रेघ मी काढली होती.’

‘बाही तेवीस,’ ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, ‘ठाऊक आहे. माझी शाई वाळली की मोराच्या पिसासारखी चमकते. तुझी चमकत नव्हती. आणि बोटाला लागली होती तुझ्या.’

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

ते खुर्चीत बसले. टेप गळ्यात टाकली. ‘दाराबाहेर बहीण ताट घेऊन बसली होती. तिच्या देखत तुला खोटा पाडला असता, तर दुसऱ्या दिवशी ती कोणाचा हात धरून जिना उतरली असती? अजून निम्म्याहून जास्त शेक बाकी होता. मशीन माझ्यावाचून चालतं. ती तुझ्यावाचून आली नसती.’

मग हसले. ‘राग नव्हता असं समजू नको. वर्षभर तुझी कॉलर मी मनातल्या मनात उलटी शिवत होतो. मुंबईचंही वाईट वाटलं. ते वाटलंच.’

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. ‘इथं नको. बहिणीला अजून वाटतं माझी बदली झाली होती. आधी तिला सांग. मी समोर असताना सांग, म्हणजे ती तुला जास्त मारणार नाही.’

त्या आठवड्यात मी इस्पितळात जाऊन डॉक्टरांना पत्र दिलं. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि शिपायाला निकुंभांची जुनी फाइल शोधायला सांगितलं. पत्र माझ्यासमोर त्यात लावलं.

आणि भाऊबीजेला मी आईला घेऊन सिडकोत गेलो.

तिने तेच निरांजन आणलं होतं. निकुंभ पाटावर बसले, डोक्यावर टोपी, अंगात स्वतः शिवलेला सदरा, हात मांडीवर, मान सरळ. आयुष्यभर दुसऱ्यांना हालू नका सांगणारा माणूस स्वतः किती शांत बसू शकतो ते मी तेव्हा बघितलं. आईने कुंकू लावलं, सुपारीने ओवाळलं, ताट उचललं.

मी म्हणालो, ‘आई, जरा थांब.’

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. चौकट मी काढली हे तिला ठाऊक होतं. दवाखान्यात मी ती ह्यांच्या नावावर घातली, कागदावर लिहून दिलं, म्हणून ह्यांना मशीनवरून काढलं, बदली वगैरे काही नव्हती, आणि तुला रिक्षात मी जे सांगितलं तेही खोटं होतं, एवढं सगळं सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर सांगून झालं.

आईचं ताट हवेतच थांबलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी लिहू शकत नाही. मग ती भावाकडे वळली. ‘आणि तू यादी लिहून दिली त्या देवऱ्याला,’ ती म्हणाली.

निकुंभांनी मान हलवली नाही. मांडीवरच्या बोटाने पाटाच्या कडेवर दोनदा टकटक केलं आणि हळूच म्हणाले, ‘ओझर.’

मग ताट पुन्हा फिरायला लागलं. ‘पिंपळगाव,’ आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. ‘वडाळीभोई. सोग्रस.’

सटाणं येईपर्यंत मी थांबलो. तिने ताट खाली ठेवलं, तेव्हा मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, ‘मामा, माझं चुकलं. मला माफ करा.’